बल आणि स्थैर्य : वसिष्ठासनाचा अभ्यास



मनुष्याची दिवसभरातील बहुतेक कामे समोरच्या दिशेने चालतात. चालणे, वाकणे, बसणे, उठणे, ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक करणे, दुकानाच्या गादीवर बसून हिशेब लिहिणे, या सर्व क्रियांत शरीर एक तर पुढे झुकते किंवा मागे टेकते. कुशीच्या दिशेने देहाचा भार पेलण्याचा प्रसंग आताशा क्वचितच येतो. पूर्वी तो नित्य येत असे. विहिरीवरून पाण्याची घागर कमरेवर घेऊन येणारी स्त्री, मूल कडेवर घेऊन चार कोस चालणारी माता, खांद्यावर धान्याचे पोते वाहणारा हमाल यांच्या शरीराची एक बाजू भार घेत असे आणि दुसरी बाजू त्या भाराला तोलून धरीत असे. नळ घरात आला, वाहन दाराशी आले, आणि शरीराच्या दोन्ही बाजूंचे हे सहज शिक्षण संपले.

त्याची किंमत उतारवयात मोजावी लागते. साठी उलटलेली एखादी गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. न्हाणीघरातील ओल्या फरशीवर तिचा पाय घसरतो. सुदैवाने हात भिंतीला लागतो आणि ती सावरते. हाड मोडत नाही, परंतु विश्वास मोडतो. त्या दिवसापासून ती मंदिराच्या पायऱ्या एकटीने चढत नाही, नातवाला कडेवर घेत नाही, पावसाळ्यात घराबाहेर पडत नाही. भीतीमुळे हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने स्नायू दुर्बल होतात आणि दुर्बलतेमुळे पडण्याचा धोका खरोखरीच वाढतो. हे चक्र घरोघरी फिरते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे प्राणास मुकतात, आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक असते. त्यातही कुशीवर पडणे विशेष घातक. अशा पडण्यात खुब्याचे हाड मोडण्याचा धोका पुढे किंवा मागे पडण्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. ज्या बाजूकडे आयुष्यभर लक्ष दिले गेले नाही, तीच बाजू अखेर घात करते.

या दुर्लक्षित बाजूंना बल आणि स्थैर्य देणारे एक आसन योगाभ्यासात आहे. ते म्हणजे वसिष्ठासन. एका हाताच्या तळव्यावर आणि पावलाच्या बाहेरच्या कडेवर सारा देह तिरक्या दंडासारखा तोलून धरणे, हे त्याचे स्वरूप होय.

वसिष्ठ हे नाव या आसनाला शोभते. ऋग्वेदाचे सातवे मंडल वसिष्ठकुलाशी निगडित आहे, आणि रामकथेत वसिष्ठ हे सूर्यवंशाचे कुलगुरू आहेत. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात त्यांची व विश्वामित्राची कथा येते. राजा असलेला विश्वामित्र वसिष्ठांच्या धेनूसाठी सैन्यबळ वापरतो, ते निष्फळ ठरल्यावर तपाने मिळविलेली अस्त्रे सोडतो. वसिष्ठ उलट प्रहार करीत नाहीत. ते आपला ब्रह्मदंड समोर धरून निश्चल उभे राहतात आणि एकेक अस्त्र त्या दंडात विरून जाते. बळ विश्वामित्राकडे होतेच, उणीव स्थैर्याची होती. एका हातावर तोललेला, डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ असा हा देह पाहिला की त्या दंडाचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही.

नावाच्या प्राचीनतेवरून आसनाची प्राचीनता मात्र ठरवू नये. हठप्रदीपिकेत १५ आसनांचे वर्णन आहे, घेरंडसंहितेत ३२ आसनांचे आहे. त्यांत वसिष्ठासन नाही. हठप्रदीपिकाकार स्वात्मारामांनी वसिष्ठादी मुनींनी आणि मत्स्येंद्रादी योग्यांनी स्वीकारलेली आसने आपण सांगत आहोत असे म्हटले आहे, आणि वसिष्ठसंहिता या नावाचा योगग्रंथही उपलब्ध आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास स्थापन केलेल्या कैवल्यधामाने तो प्रकाशित केला. त्या ग्रंथात मयूरासन आहे, म्हणजे हातांवर देह तोलण्याची कल्पना त्या परंपरेला परिचित होती. पार्श्वभागावर तोलण्याचे आजचे वसिष्ठासन सर्वत्र पोहोचले ते विसाव्या शतकातील आचार्यांमुळे. म्हैसूरचे पट्टाभी जोइस यांच्या अभ्यासक्रमात ज्या प्रगत आसनमालिकेला स्थिरभाग असे नाव आहे, त्या मालिकेत हे आसन येते. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट ऑन योगा’ या ग्रंथातही ते आहे. त्या ग्रंथात वसिष्ठासनापाठोपाठ काश्यपासन आणि विश्वामित्रासन येते, ही योजना सूचक आहे. आधी स्थिर होणे, मग बळ दाखविणे.

अय्यंगारांचे जीवन हेच या विषयावरील एक मोठे भाष्य आहे. १९१८ साली कर्नाटकातील बेळ्ळूर येथे जन्मलेला हा मुलगा हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी खंगलेला होता. १९३७ साली तो पुण्यास आला आणि पुढे तेच त्याचे कार्यक्षेत्र झाले. साठीच्या सुमारास, १९७९ साली, स्कूटरच्या अपघातात त्यांचे खांदे आणि पाठीचा कणा दुखावला. जगाला आसने शिकविणाऱ्या या गुरूला सोपी आसनेही पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. त्यांनी ती शिकली, आणि २०१४ साली वयाच्या ९५ व्या वर्षी देह ठेवीपर्यंत ते अभ्यासात रमले. गेलेले बळ धीराने परत मिळविता येते, याहून अधिक आश्वासक उदाहरण साठीतल्या माणसाला कोणते हवे?

आता आसनात प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. जमिनीवर आडवे पडलेल्या देहाला विस्तीर्ण आधार असतो, त्यामुळे त्याला तोलाची चिंता नसते. दोन पायांवर उभे राहिले की आधार लहान होतो. वसिष्ठासनात तो तळहात आणि पाऊल यांना जोडणाऱ्या एका अरुंद पट्टीइतका उरतो. देहाचा गुरुत्वमध्य त्या पट्टीच्या बाहेर गेला की साधक पुढे किंवा मागे कलतो. हा तोल तीन साधनांनी राखला जातो. कानाच्या आतील भागातील तोलेंद्रिय, डोळे, आणि स्नायू व सांध्यांतून मेंदूकडे अखंड जाणारे संदेश, ही ती तीन साधने. उतारवयात दृष्टी मंदावते, कानातील यंत्रणा क्षीण होते. तिसरे साधन अभ्यासाने तल्लख ठेवता येते, आणि तोलाच्या आसनांचे खरे प्रयोजन तेच आहे.

बळाचा विचार केला तर खालच्या बाजूची कूस या आसनात सर्वाधिक श्रम करते. पोटाच्या कडेचे तिरके स्नायू, तसेच शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांना जोडणारा खोलवरचा चौकोनी स्नायू कंबरेला खाली लोंबू देत नाहीत. नितंबाच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू खुबा उचलून धरतात. पाऊल टाकताना देह डावीउजवीकडे न झुकता सरळ राहतो तो याच स्नायूंमुळे. वर खांद्याभोवतालचे लहान स्नायू सांध्याला खोबणीत धरतात, आणि काखेखालून बरगड्यांवर करवतीच्या दात्यांसारखा पसरलेला स्नायू खांद्याचे फरे पाठीला चिकटून ठेवतो. म्हणजे मनगटापासून घोट्यापर्यंत एक सलग साखळी कामाला लागते. या साखळीतील दुर्बल कडी कोणती, हे आसन पहिल्याच दिवशी दाखवून देते.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीच्या कण्याच्या स्थैर्यासाठी ज्या तीन व्यायामांचा पुरस्कार केला, त्यांत कोपरावर देह तोलण्याचा पार्श्वसेतू हा एक आहे. वसिष्ठासनाचे ते सौम्य रूपच म्हणावे. एकदाच दीर्घकाळ ताणून धरण्यापेक्षा सुमारे १० सेकंदांच्या लहान लहान आवृत्त्या कराव्यात, असे त्यांचे सांगणे आहे.

न्यूयॉर्कचे डॉक्टर लॉरेन फिशमन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. पाठीच्या कण्याला बाजूचा बाक असलेल्या २५ रुग्णांनी बाकाच्या फुगीर बाजूवर हे आसन दररोज सरासरी दीड मिनिट, असे सरासरी पावणेसात महिने केले. त्यांच्या बाकाचा कोन सरासरी ३२ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. आठवड्यातून किमान चार दिवस नेटाने अभ्यास करणाऱ्या १९ जणांत ही सुधारणा सुमारे ४१ टक्के होती. आकडे उत्साहवर्धक आहेत, तरी विवेक सोडू नये. रुग्ण थोडे होते, आणि आसन न करणाऱ्या रुग्णांशी त्यांची तुलना केलेली नव्हती. बाक कोणत्या बाजूचा आणि आसन कोणत्या बाजूवर करावयाचे, हे क्ष-किरण चित्र पाहून तज्ज्ञानेच ठरविले पाहिजे. एका निरीक्षणाच्या आधारे घरच्या घरी उपचार सुरू करणे हिताचे नाही.

अभ्यासाचा मार्ग क्रमाक्रमाने चढावा. प्रारंभी कुठल्याही वयाच्या साधकाने भिंतीचा आश्रय घ्यावा. भिंतीकडे कूस करून हातभर अंतरावर उभे राहावे, भिंतीकडील हाताचा तळवा खांद्याच्या उंचीवर टेकवावा, पावले जुळवावीत आणि देह सरळ ठेवून हलकेच भिंतीकडे भार द्यावा. कोपर पूर्ण ताणून अडकवू नये. खांदा कानाकडे चढू देऊ नये. पाच संथ श्वास झाले की बाजू बदलावी.

दुसऱ्या टप्प्यात जमिनीवर यावे. सतरंजीवर एका कुशीवर पडून कोपर बरोबर खांद्याखाली ठेवावे, गुडघे दुमडावेत आणि श्वास सोडीत कंबर उचलावी. कोपर व गुडघा यांवर देह तोलला जातो. डोके, खांदे, कंबर आणि गुडघे एका रेषेत असावेत. हे साधले की तिसऱ्या टप्प्यात पाय सरळ करावेत, कोपराचा आधार तसाच ठेवावा. मनगट दुखणाऱ्यांनी येथेच थांबले तरी अभ्यासात काही उणे राहत नाही.

पूर्ण आसनासाठी अधोमुख श्वानासनातून येणे सोयीचे. दोन्ही तळवे आणि पावले जमिनीवर, कंबर उंच, अशा स्थितीतून देह पुढे आणून उजवीकडे वळवावा. उजव्या पावलाची बाहेरची कड जमिनीवर टेकते, डावे पाऊल त्यावर येते, डावा तळवा डाव्या कुशीवर ठेवला जातो. उजव्या हाताची बोटे पसरलेली असावीत. तर्जनीच्या मुळाशी जमीन दाबावी, म्हणजे सारा भार मनगटाच्या टाचेवर पडत नाही. मांड्या ताठ, नाभी किंचित आत, छाती उघडी. तोल सापडेपर्यंत पावलांचे तळवे भिंतीला टेकवावेत, किंवा वरचा पाय दुमडून त्याचे पाऊल पुढे जमिनीवर ठेवावे. तोल स्थिर झाला की डावा हात आकाशाकडे सरळ करावा. मान दुखत नसेल तर दृष्टी वरच्या हाताकडे न्यावी, नाही तर समोर ठेवावी. २० ते ३० सेकंद श्वासोच्छ्वास चालू ठेवून थांबावे आणि तितकाच वेळ दुसऱ्या बाजूने करावे. वरचा पाय उचलून त्याचा अंगठा हाताने धरणे हे आसनाचे परिपूर्ण रूप होय. ते वर्षानुवर्षांच्या अभ्यासकांसाठी आहे. कुटुंबवत्सल साधकाने त्याचा हव्यास धरू नये.

एक बाजू दुसरीपेक्षा दुर्बल असल्याचे बहुतेकांना आढळेल. दुर्बल बाजूने आरंभ करावा आणि शेवटी तिची एक आवृत्ती अधिक करावी. सबळ बाजूचे प्रदर्शन करून समाधान मानणे सोपे असते, परंतु चालताना देह दोन्ही पायांवर चालतो.

अभ्यासात तीन दोष वारंवार शिरतात. पहिला, श्वास कोंडणे. कोंडलेला श्वास रक्तदाब वाढवितो आणि मन घाबरे करतो. साधक मोठ्याने आकडे मोजू शकत असेल तर श्वास मोकळा आहे असे समजावे. दुसरा दोष कंबर लोंबणे. ती लोंबली की सारा भार खांद्याच्या सांध्यावर येतो. अशा वेळी क्षण मोजीत बसण्यापेक्षा खाली येणे शहाणपणाचे. तिसरा दोष ईर्ष्या. शेजारच्या सतरंजीवरील तरुणाकडे पाहून पन्नाशीतल्या माणसाने आपली मनगटे पणास लावणे हा योग नव्हे.

मनगटातील नस दबल्याने हाताला मुंग्या येणारे, खांद्याचा स्नायू फाटलेला किंवा खांदा निखळलेला असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, भोवळ येणारे, अस्थी ठिसूळ झालेले आणि गर्भवती महिला, या सर्वांनी वैद्यांच्या सल्ल्यावाचून हे आसन करू नये. त्यांच्यासाठी भिंतीपाशी उभे राहण्याचा पहिला टप्पाही विचारूनच योजावा.

पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात आसनाची व्याख्या करताना स्थिरता आणि सुख या दोन गोष्टी एकत्र मागितल्या आहेत, आणि लगेच पुढे प्रयत्न शिथिल होण्याने ते सिद्ध होते असे म्हटले आहे. ते वर्णन ध्यानाच्या बैठकीचे आहे हे खरे, तरी कसोटी येथेही लागू पडते. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी आपल्या योगशास्त्रात पर्यंकासन, वीरासन, वज्रासन, पद्मासन, गोदोहिकासन, कायोत्सर्ग अशी आसने सांगून अखेरीस ज्या आसनाने मन स्थिर होईल तेच ध्यानासाठी स्वीकारावे, असा उदार निर्वाळा दिला आहे. कायोत्सर्गात देह सोडून देऊन निश्चल उभे राहावयाचे, वसिष्ठासनात देह नेटाने उचलून धरावयाचा. मार्ग भिन्न दिसतात. परंतु पायांत आणि कमरेत आवश्यक तेवढे बळ असल्यावाचून निश्चल उभे राहणेही घडत नाही. गुडघे लटपटत असताना चित्त स्थिर कसे व्हावे?

येथे स्थैर्याचा अर्थही नीट समजून घ्यावा. वसिष्ठासनात उभ्या असलेल्या निष्णात साधकाचा तळहात जवळून पाहिला तर तो दगडासारखा निश्चल नसतो. बोटे किंचित दाबतात, सैल होतात, पुन्हा दाबतात. घोट्याजवळचे स्नायू क्षणोक्षणी आकुंचन पावतात. तोल म्हणजे न हलणे नव्हे. ढळण्याचा आरंभ होताच सावरणे म्हणजे तोल. नवशिक्याला हादरा मोठा बसतो आणि सावरणे उशिरा येते. अभ्यासाने हादरा लहान होत जातो आणि सावरणे लवकर येते. म्हणून थरथर झाली तर लाजू नये. ती अपयशाची खूण नसून शिक्षण चालू असल्याची खूण आहे. वेदना मात्र थरथरीहून वेगळी असते, आणि ती होताच थांबावे.

आरंभी उल्लेखिलेल्या त्या गृहिणीकडे पुन्हा वळावे. तिने पूर्ण वसिष्ठासन करावे अशी अपेक्षा कोणीही धरू नये. डॉक्टरांना विचारून ती सकाळी भिंतीपाशी उभी राहील, दोन्ही बाजूंनी पाच पाच श्वास भार देईल. काही आठवड्यांनी पलंगावर नव्हे, सतरंजीवर, कोपर आणि गुडघा टेकवून कंबर दोन बोटे उचलील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि बळ वाढविणाऱ्या हालचाली कराव्यात. तिचा हा क्रम त्या मार्गदर्शनाशी जुळणारा आहे. सहा महिन्यांनी ती हातावर तोललेली दिसणार नाही. कदाचित मंदिराच्या पायरीवर कठडा न धरता क्षणभर थांबलेली दिसेल, आणि तिच्या कडेवर नातू असेल. या आसनाने एवढे दिले तरी पुष्कळ दिले.

रामायणातील ती कथाही ब्रह्मदंडापाशी संपत नाही. पराभवानंतर विश्वामित्र दीर्घ तप करतो, क्रोधाने पुन्हा पुन्हा ढळतो, पुन्हा पुन्हा आरंभ करतो, आणि अखेर स्वतः वसिष्ठ त्याला ब्रह्मर्षी म्हणून मान्यता देतात. ढळूनही पुन्हा आरंभ करण्याची ही वृत्ती ज्याच्यापाशी आहे, त्याने वयाकडे न पाहता उद्या प्रातःकाळी निःशंकपणे सतरंजी अंथरावी. प्रथम भिंतीपाशी उभे राहावे, दुर्बल बाजूने आरंभ करावा, आणि श्वास मोकळा ठेवावा.